दारातला मामा

“दादा, ह्याला मामा का म्हणायचं?”

हा प्रश्न गाडीखालून आला होता. विचारणारा उताणा पडलेला, त्याचे फक्त पाय बाहेर. ज्याला विचारलं तो फळांच्या रिकाम्या खोक्यावर बसलेला, मांडीवर मी. तो हसला आणि म्हणाला, “घरात गेलास की आईला विचार. आधी तो पुसून घे नीट.” मग दोघांना भूक लागली, दोघं नळावर हात धुवायला गेले आणि प्रश्न गाडीखालीच राहिला. नंतर विचारायचं राहून गेलं. नंतर तर सांगणाराच राहिला नाही.

मी बोलतोय तो कोण, असं तुम्हाला वाटत असेल. मी एका गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक. पण मला पुठ्ठा नाही, शिवण नाही, नवीन पुस्तकाला येतो तो वासही नाही. मी एका टॅबच्या काचेआड राहतो. काच उजळली की मी असतो, विझली की नसतो. निदान लोकांना तसं वाटतं. खरं म्हणजे विझलेल्या काचेमागेही मला सगळं ऐकू येतं. कसं, ते मला विचारू नका. माझ्या पानांत गाडीचं सगळं आहे, माझं स्वतःचं काही नाही.

माझा जन्म मोठा कटकटीचा. दादाने आईसाठी जुनी गाडी घेतली होती. मागे एकच रुंद दार, आणि त्या दारातून चाकाच्या खुर्चीसकट माणसाला आत घेणारी लिफ्ट. लिफ्ट म्हणजे एक लोखंडी फळी. ती जमिनीला टेकते, आई खुर्चीसकट फळीवर येते, बटण दाबलं की फळी वर जाते आणि आई गाडीत. आईच्या पाठीला साध्या सीटवर बसणं जमत नाही. म्हणून ही गाडी आली नव्हती तोवर तिचं जग खिडकीपासून उंबऱ्यापर्यंतच होतं.

गाडी विकणाऱ्याने गाडी दिली, तिच्याबरोबरचं पुस्तक मात्र दिलं नाही. म्हणाला, “हरवलं.” लिफ्ट पहिल्याच आठवड्यात रुसली. दादा एका बाटल्यांच्या कारखान्यात मशीनवर होता, त्याचा धाकटा भाऊ टायरच्या दुकानात. दोघांचेही हात कामाचे होते, पण लिफ्टच्या पोटात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दादाने इंटरनेटवर शोध सुरू केला. पहिलं पुस्तक फुकट मिळालं. त्याच्याबरोबर भरपूर चमकणाऱ्या जाहिराती आल्या आणि टॅब दोन दिवस वेड्यासारखा वागला. त्या पुस्तकावर विसंबून दोघांनी ड्रायव्हरची सीट उचकटली, तर खाली काहीच नाही! ते पुस्तक दुसऱ्याच मॉडेलचं होतं. “आपण शेजाऱ्याच्या घराचा नकाशा घेऊन आपल्या घरात संडास शोधतोय,” असं दादा म्हणाला, आणि धाकटा हसून हसून सीटवरच आडवा झाला. दुसरं पुस्तक कारखान्यातल्या एकाने दिलं. त्याची पानं वाकडी, निम्मी गायब, आणि उरलेल्या पानांवर कुणाचा तरी अंगठा छापलेला.

शेवटी दादा गाडी बनवणाऱ्यांच्याच साइटवर गेला. तिथे म्हणे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर घाला, तुमच्याच गाडीचं पुस्तक मिळेल. तो नंबर गंजाच्या आणि रंगाच्या थराखाली गाडला गेला होता. धाकट्याने पॉलिश पेपरने घासून घासून तो उजेडात आणला आणि एकेक आकडा ओरडून सांगितला. अक्षरांशी त्याचं कधी जमलं नाही, शाळाही लवकर सुटली, पण आकड्यांशी त्याची दोस्ती होती. तरी एका ठिकाणी गंजाने आठचा तीन केला होता, आणि साइटने दोघांना दारातून परत पाठवलं. “अरे, आठ आहे तो! पोट फुटलेला आठ!” मग पुन्हा घासणं, पुन्हा ओरडणं. आणि मग काचेवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. ती पट्टी पूर्ण भरली तेव्हा मी होतो.

मी आलो तो एक अट घेऊन आलो. मी फक्त ह्याच टॅबवर उघडेन. माझी नक्कल होत नाही, मला कागदावर छापता येत नाही, कुणाला पाठवता येत नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांनीच तसं कुलूप घातलंय. माणसं जन्मतात तेव्हा त्यांना मोकळं आकाश मिळतं असं मी ऐकून आहे. मला एक काच मिळाली.

पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला दादा मिळाला होता.

दोघांची कामाची एक पद्धत होती. दादा खोक्यावर बसून मोठ्याने वाचायचा आणि धाकटा गाडीखाली पडून ऐकायचा. डोळे एकाचे, हात दुसऱ्याचे. मला धाकट्याने तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं, पण माझं पान न् पान त्याच्या कानांत होतं. अडचण एकच. माझे शब्द अवघड. सोलेनॉइड, रिले, इंटरलॉक. धाकट्याच्या डोक्यात ते एका बाजूने शिरायचे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर.

“छोट्या, तुला नावं लक्षात राहत नाहीत ना? पण नातेवाईक राहतात की नाही?”

“ते कसे विसरणार? विसरू देतात का ते?”

“मग ऐक. हा पंप म्हणजे आपला काका. आधी घुरघुरणार, मग काम करणार. हा फ्यूज म्हणजे आत्या.”

“आत्या का?”

“जरा जास्त झालं की जळते, आणि मग घरभर अंधार.”

गाडीखालून हसण्याचा आवाज. “आणि ही दोन डबडी?”

“त्या मावश्या. एकीने टक् केलं की दुसरीने टक् केलंच पाहिजे.”

घरात बसलेल्या आईला हे सगळं ऐकू जायचं. “मेल्यांनो, माझ्या बहिणींना डबडी म्हणता?” असं ती आतून ओरडायची, पण आवाजात हसू असायचं. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चहा घेऊन यायची आणि विचारायची, “मी आहे का ह्या गाडीत कुठे?” दादा म्हणायचा, “तू स्टिअरिंग.” ती पदर सावरल्यासारखं करून आत जायची, पण दिवसभर खूश असायची.

असे सगळे नातेवाईक त्या गाडीत बसले. मामाही बसला, मागच्या दाराच्या बिजागरीपाशी, एका छोट्या काळ्या बटणाच्या रूपात. त्याला मामा का म्हणायचं ते तेवढं राहिलं.

मग दादा गेला. कामावरून आला, जरा चक्कर येते म्हणून पायरीवर बसला, आणि तसाच बसून राहिला. आजारपण नाही, निरोप नाही. दवाखान्यात नेला तोवर सगळं झालं होतं. मी गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पडून होतो, त्याने सकाळी ठेवलं होतं तसाच. काचेवर त्याच्या बोटांचे तेलकट ठसे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दवाखान्यातून थेट टेकडीवरच्या स्मशानात नेणार होते. टेकडीवर वेळ ठरलेली असते. मागे पुढच्या मयताची माणसं थांबलेली असतात. मेलेल्यालाही वेळ पाळावी लागते. वहिनी त्याच्याबरोबर गेली. आईला घेऊन यायचं काम धाकट्याचं.

अंगणात ही गर्दी जमली. शेजारीपाजारी, कारखान्यातली माणसं, टायरच्या दुकानाचा मालक. सगळ्यांना हातभार लावायचा होता. आई फळीवर आली, धाकट्याने बटण दाबलं, काका घुरघुरला, फळी उचलली गेली आणि अर्ध्यावर थांबली.

वर जाईना. खाली येईना.

आई हवेत लटकली होती. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून ती म्हणत होती, “अरे, लवकर कर रे. तो थांबायचा नाही.” धाकटा बटण दाबत होता, फळीला लाथा मारत होता, एकेकाला विचारत होता, “का थांबली? अरे, सांगा ना कुणीतरी, का थांबली?” सगळे त्याच्याकडे बघत होते आणि अधिकच जवळ येत होते. कुणी म्हणालं, बॅटरी असेल. कुणी म्हणालं, तेल असेल. कुणी म्हणालं, माझ्या गाडीतून नेऊ, पण आईची पाठ त्या गाडीत बसेल कशी?

उत्तर माझ्यात होतं. तिथून हाताच्या अंतरावर, सीटवर, विझलेल्या काचेमागे. मी पान उघडून बसलो होतो असं समजा. ओरडत होतो असं समजा. पण मला तोंड म्हणजे ती काच, आणि काचेची किल्ली ज्याच्या बोटात होती तो टेकडीवर चालला होता.

शेवटी चार-पाच जणांनी आईला खुर्चीसकट उचलून खाली घेतलं. तोवर वेळ टळून गेली. आईला तशी सोडून धाकट्याला जाववलं नाही. दोघंही गेले नाहीत. टेकडीवर वहिनी एकटी उभी होती, रस्त्याकडे बघत.

माणसं पांगल्यावर धाकट्याने काय करावं? त्याने लिफ्टच्या पेटीचं झाकण उपटलं आणि आतल्या वायरी मुठीत धरून ओढून काढल्या. गवत उपटावं तशा. दुःखाला हात फुटले की ते असंच करतं. मग फळी तशीच अर्ध्यावर राहिली, जीभ बाहेर काढल्यासारखी. त्या दिवसापासून गाडी अंगणातून हलली नाही आणि आई उंबऱ्याबाहेर आली नाही.

मला वहिनीने उचललं. तिने मला कडेला धरून उजेडात तिरपं केलं. काचेवर दादाचे ठसे होते, आणि त्यांच्या मधून एक लांब वाकडी रेघ. रोज टॅब उघडताना ज्या वाटेने त्याचं बोट फिरायचं ती वाट. तिने ती बराच वेळ पाहिली. मग मला एका मऊ फडक्यात गुंडाळलं आणि कपाटाच्या खणात ठेवलं, त्याच्या घड्याळाशेजारी. खण बंद झाला. किल्ली फिरली.

घड्याळ चालू होतं. माझी बॅटरी संपली तरी ते टिकटिकत होतं. काचेत अडकलेला मी, फडक्यात अडकलेली काच, खणात अडकलेलं फडकं, आणि त्या घरात अडकलेली तीन माणसं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. वहिनी जेवण वाढायची आणि ताट जरा जोरात ठेवायची. धाकटा ते ताट जरा जोरात ओढायचा. आई म्हणायची, “मला एकदा तिथे न्या रे. फक्त बघून येते. त्याला वाटत असेल, आई आली नाही.” हे ती रोज म्हणायची, त्याच शब्दांत, पाणी मागावं तितक्या साधेपणाने.

धाकट्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. तो मोबाइलच्या दुकानात जाऊन पुस्तक मागून आला. दुकानदाराने त्याला जे उतरवून दिलं त्यात पहिली काही पानं उघडत होती आणि पुढे सगळं करडं. तरी त्याने त्यातली चित्रं बघून वायरी जोडायला घेतल्या. गाडीचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. गल्लीतली सगळी माणसं खिडक्या उघडून बघायला लागली. शेवटी त्याने बॅटरीची वायरच काढली आणि गाडीच्या चाकाला टेकून बसला.

मग तो तरातरा आत आला. खणाशी.

“वहिनी, तो टॅब द्या.”

“नाही.”

“त्यात पुस्तक आहे. आपल्या गाडीचं, खरं. दुसरीकडे कुठे मिळत नाही.”

“भावजी, तुम्ही हात लावाल त्याला. तुमचे हात बघा.”

“हात धुतो मी.”

“धुतले तरी पुसले जातील ते. त्याचं असं दुसरं काय उरलंय माझ्याकडे? शर्ट धुऊन टाकले होते मी आदल्याच दिवशी. सगळे. मला काय माहीत होतं!”

धाकटा गप्प बसेल तर तो धाकटा कसला. “काचेवरच्या डागांना कवटाळून बसा तुम्ही! आईला काय ठेवायचं खणात? तिथेच ठेवू का तिला, घड्याळाशेजारी?”

“तुम्ही आला असतात ना त्या दिवशी,” वहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. “मी एकटी होते तिथे. सगळे विचारत होते, आई कुठे, भाऊ कुठे. मी रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, आत्ता वळणावर गाडी दिसेल.”

धाकट्याचा हात खणावरून खाली आला. तो तिथेच जमिनीवर बसला. मी खणात होतो, पण मला त्याचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा.

उंबऱ्यापाशी खुर्चीत बसलेल्या आईने हे सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, “सूनबाई, तो काचेवर नाही गं. असता तर मी आधी तुझ्याकडून हिसकावून घेतला असता.”

खूप वेळाने किल्ली फिरली.

मला चार्जरला लावलं. पिन सैल होती, धाकटा ती बोटाने दाबून धरून बसला. काच उजळली आणि नऊ ठिपके दिसले. ठिपक्यांवरून रेघ ओढायची, बरोबर असली तर दार उघडेल. बरेचदा चुकली तर टॅब आतलं सगळं पुसून टाकतो, मलासुद्धा. दादाने तसं करून ठेवलं होतं. कारखान्यात टॅब चोरीला जातात ना!

“तुम्हाला माहीत आहे रेघ?” धाकट्याने विचारलं.

“मी कधी विचारली नाही. त्याने कधी लपवली नाही.”

दोघांनी काच तिरपी केली. तेलकट वाट चमकली. आता माझी पंचाईत बघा. ती वाट हीच किल्ली. पण किल्ली फिरवायची तर त्याच वाटेवरून बोट फिरवायला हवं, आणि फिरवलं की ती पुसली जाणार. मला आतून दोन चेहरे दिसत होते, ठिपक्यांवर वाकलेले. वहिनीचं बोट काचेपर्यंत आलं आणि परत गेलं.

“कुठून सुरू करायची? वरून की खालून?”

धाकट्याने डोळे मिटले. “गाडीखालून मला त्याचं कोपर दिसायचं,” तो म्हणाला. “आधी कोपर खाली जायचं. मग असं, उलटं. नट सैल करताना पाना फिरवतो ना, तसं. खालून घ्या.”

“तुम्हीच काढा.”

“नाही. तुमचं बोट. माझं खरखरीत आहे.”

वहिनीने खालच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हां,” धाकटा म्हणाला, “आता उलटं… सावकाश…” तिचं बोट दादाच्या बोटाच्या वाटेवरून गेलं. शेवटपर्यंत. आणि मी उघडलो.

दादाने शेवटचं पान जिथे सोडलं होतं तिथेच उघडलो. एका कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा ठसा तसाच राहिला होता. वहिनीने तेवढा भाग सोडून मला धरलं. मग कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी मोठ्याने वाचलं.

अंगणात वहिनी त्याच खोक्यावर बसली, धाकटा लिफ्टच्या पेटीत डोकं घालून, आणि आई खुर्ची पुढे ढकलत उंबऱ्यापर्यंत आलेली. वायरींचे रंग माझ्या नकाशात होते. तांबडी कुठे, पिवळी कुठे, ते वहिनी सांगत गेली, तो जोडत गेला. पण पुढे माझे अवघड शब्द आले.

“पहिला रिले दुसऱ्या रिलेला संकेत देतो,” वहिनीने वाचलं.

“हे कोण? मला नाव सांगा, नाव!”

“हेच नाव आहे भावजी. रिले!”

“दादा असं नव्हता वाचत!” त्याने पक्कड आपटली.

“एकीने सांगितलं की दुसरी हो म्हणते, असंच ना?” उंबऱ्यातून आई म्हणाली. “मग त्या माझ्या बहिणी.”

“मावश्या!” धाकट्याचं डोकं पेटीतून बाहेर आलं. “मग असं सांगा ना! मावश्या ह्या इथे.”

तिथून पुढे तिघांची गाडी मार्गी लागली. वहिनी माझे शब्द वाचायची, आई त्या वर्णनावरून नातेवाईक ओळखायची आणि धाकटा त्या नातेवाइकाच्या घरी पोचायचा. “प्रवाह मर्यादेपेक्षा वाढल्यास वितळतो.” “ती आत्या गं! लग्नात नाही का, जागा मिळाली नाही म्हणून!” वहिनीला हसू आलं. हसल्याबद्दल तिला रडू आलं. ती वाचत राहिली.

आत्या बदलली, वायरी जोडल्या. धाकट्याने बटण दाबलं. काका घुरघुरला. फळी मात्र हलली नाही.

“झालं!” धाकटा ओरडला. “सगळं केलं तरी तेच! त्या दिवशीसारखंच!” तो पुन्हा वायरींना हात घालणार, इतक्यात वहिनी म्हणाली, “थांबा. पान संपलं नाही अजून. पंप चालतो पण फळी हलत नाही, असं एक आहे इथे.” तिने सावकाश वाचलं. “मागचं दार पूर्ण उघडं असल्याची खात्री झाल्याशिवाय हा स्विच फळीला हलू देत नाही. दार किंचित जरी मिटलं, तरी फळी असेल तिथे थांबते.”

“हा कोण?” धाकट्याने आईकडे पाहिलं.

आईने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “दार सताड उघडल्याशिवाय जो पाऊल टाकत नाही? हा तर तुझा मामा. तू तान्हा होतास, तुला आठवायचा नाही. दारात यायचा आणि उभा राहायचा. दार नुसतं लोटलेलं असलं, तर आत यायचाच नाही. म्हणायचा, ताई, पुरतं उघड, तरच मला बोलावलंस म्हणायचं. तुझा दादा धावत जाऊन दोन्ही हातांनी दार ढकलून धरायचा.”

धाकटा उठला. गाडीच्या मागे गेला. दार वाऱ्याने जरासं मिटलं होतं, हाताच्या रुंदीएवढं. त्याने ते ढकललं. बिजागरीपाशी टक् झालं. वहिनीने बटण दाबलं, आणि फळी लोण्यातून सुरी जावी तशी खाली आली आणि जमिनीला टेकली.

कुणीच आनंदाने ओरडलं नाही.

“म्हणजे त्या दिवशी काही बिघडलंच नव्हतं,” धाकटा म्हणाला. “कुणीतरी दाराला टेकलं होतं. फक्त टेकलं होतं! एकदा ढकललं असतं दार तर… आई, कोण होतं? कोण उभं होतं दारापाशी?”

हे माझ्या पानांत नव्हतं. आईने फक्त त्याचा काळा हात हातात घेतला. “गर्दी होती रे. मदतीला आली होती सगळी. जेवढी माया जास्त, तेवढी जवळ आली. कुणाला विचारतोस आता?”

दुसऱ्याच दिवशी ते टेकडीवर गेले. वहिनीच्या मांडीवर मी होतो, न जाणो, वाटेत कुणी नातेवाईक रुसला तर! वर पोचल्यावर कळलं, तिथे भन्नाट वारा आहे. मागचं दार उघडलं की वारा ते लोटत होता. एकदा, दोनदा. मग धाकटा दाराच्या आतल्या बाजूने उभा राहिला आणि त्याने दाराला पाठ लावली. पाय रोवून, पूर्ण अंगाचा भार देऊन. टक् झालं. वहिनीने बटण दाबलं. आई फळीवर, हातात काही नाही, डोळे समोर. फळी अर्ध्यावर आली. फळी थांबली नाही.

आई जमिनीवर पोचली. वहिनी तिची खुर्ची ढकलत पुढे घेऊन गेली. मी सीटवरून पाहत होतो. आता दार धरायची काही गरज नव्हती. तरी धाकटा तसाच उभा होता, दाराला पाठ लावून, तोंड गाडीकडे. पलीकडून आईचा आवाज आला, “आले रे बाळा. उशीर झाला. आले.” तेव्हा त्याची पाठ दारावरून घसरत खाली गेली. थोड्या वेळाने वहिनी परत आली, त्याला हाताला धरून उठवलं आणि घेऊन गेली.

आता माझं म्हणाल तर मी पुन्हा खणातच आहे. पण खणाला किल्ली नाही. बॅटरी फुगत चालली आहे, पिन तर जवळजवळ निकामी. एक दिवस ही काच उजळायची नाही, आणि दुसऱ्या कुठल्या काचेत मला जाता येत नाही, ती अट अजून आहे. काचेवरची रेघ पुसली गेली. कोपऱ्यातल्या अंगठ्यावर वहिनीने पारदर्शक पट्टी चिकटवली आहे. तो आणि मी एकमेकांना सोबत आहोत.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, काचेआड, कुलपाआड, तर त्याला एकट्याने मनात वाचू नका. मोठ्याने वाचा, घरातली माणसं ऐकतील इतक्या मोठ्याने. आणि कुलपाची रेघ एकाला तरी सांगून ठेवा.

धाकट्याला दूरच्या शहरात बसच्या आगारात काम मिळालं. तो गेला. आता वहिनीच गाडी चालवते, आईला टेकडीवर नेते, बाजारात नेते, उगाच चक्कर मारायलाही नेते. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने गाडीच्या मागे बराच वेळ काहीतरी ठोकाठोक केली. आईने आतून विचारलं, “काय मोडलंस आता?” तो ठोकत राहिला. त्याने गाडीच्या बाजूला एक जाड लोखंडी आकडा बसवला होता. दार सताड उघडलं की तो दारात अडकतो, मग वारा येवो की माणसं टेकोत, दार हलत नाही. टेकडीवर जिथे त्याची पाठ टेकली होती, दारावर बरोबर तिथे त्याने पांढऱ्या रंगाने, अक्षरांशी कधीच न जमलेल्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: मामा.